डाव्या बाहीचं माप

वर्गात तिला सगळे साहेब म्हणत. रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला पंचेचाळीस जण होते. त्यातले चव्वेचाळीस पांढरा कोट चढवून प्रयोगशाळेत आले, की कुणीतरी अंगावर चादर फेकल्यासारखे दिसत. साहेबचा कोट मात्र असा बसे, की कोटालाच जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटावं. आणि डावा हात कायम खिशात. जिना चढताना खिशात, रांगेत उभी असताना खिशात, सरांशी बोलतानाही खिशात. पहिल्या वर्षी सर एकदा वैतागून म्हणाले होते, की मोठ्यांशी बोलताना हात बाहेर असावेत. तिने त्यांच्याकडे इतक्या थंडपणे पाहिलं, की पुढचं वाक्य बोलताना सरांचाच एक हात खिशात गेला. मागच्या बाकावरून कुणीतरी 'साहेब' म्हणालं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

प्रयोग दोघादोघांनी मिळून करायचे असत. ब्युरेट म्हणजे उभी काचेची नळी. तिच्या तोटीतून थेंब थेंब सोडायचे आणि त्याच वेळी खालचा फ्लास्क दुसऱ्या हाताने सारखा हलवत राहायचं. रंग बदलला, की तत्क्षणी तोटी बंद. सरळ सरळ दोन हातांचं काम. साहेब उजव्या हाताने फ्लास्क हलवायची आणि जोडीदारणीला हुकूम सोडायची: सोड, हळू, थेंब, थेंब, बस. जोडीदारणीला वाटायचं, काय ही हुशारी, काय हा दरारा. दोन वर्षं तिने तोटी सांभाळली आणि वर साहेबचे आभारही मानले.

खरी गोष्ट अशी होती, की साहेबचा डावा हात आखूड आणि अशक्त होता. जन्माच्या वेळी खांद्यातली नस ताणली गेली होती. कोपर पुरतं सरळ होत नसे, जोर लावता येत नसे, बोटं एखादी हलकी वस्तू तेवढी धरत, तीही सावकाश. यात लपवण्यासारखं काही नाही, हे तुम्हाआम्हाला कळतं. पण तिच्या बापाला कोण सांगणार?

बाप शिंपी. खाली दुकान, वर घर, आणि सगळा रस्ता त्यांना मास्तर म्हणे. लेक चार वर्षांची असताना एका गिऱ्हाइकाने तिच्या हाताकडे पाहून 'बिचारी' म्हटलं होतं. मास्तरांनी त्याला त्याचा कोट दिला, हसून निरोप दिला, दार लावलं आणि लेकीसाठी कापड कापायला घेतलं. डाव्या खांद्यात कापसाची पातळ गादी. कोपरापाशी अशी चुणी, की आखूड बाहीही लांब वाटावी. वरून दोन्ही खिसे एका रेषेत, पण डाव्याची खरी फट चार बोटं वर, शिवणीत लपवलेली, म्हणजे हात आपोआप तिथे जाऊन बसेल. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण लोक तोंडाने वापरतात. मास्तरांनी ती शिवून काढली.

माप घ्यायची रीतही ठरलेली. दुकान बंद झालं, पडदा ओढला, की मास्तर टेप काढत. उजव्या बाहीचं माप मोठ्याने सांगत आणि आत्या ते मापाच्या वहीत लिहून घेई. डावी बाही ते मुकाट्याने मोजत, ओठसुद्धा हलवत नसत. आत्या डावीपुढेही उजवीचाच आकडा लिही. सोळा वर्षांच्या वह्या काढून पाहा, साहेबचे दोन्ही हात कागदावर अगदी सारखे.

आत्या म्हणजे मास्तरांची धाकटी बहीण. दुकानातली काजं-बटणं तिच्याकडे आणि जगातल्या सगळ्यांच्या चुकाही तिच्याकडे. आई टपाल कचेरीत दिवसभर शिक्के मारायची. घरात या तिघांचं वाजलं, की 'मी घरी शिक्के मारत नसते' असं सांगून ती वर्तमानपत्र उघडायची.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला सरांनी जाहीर केलं, की यंदा प्रात्यक्षिक परीक्षा एकेकट्याने द्यायची. तीन तास, तीन प्रयोग, जोडीदार नाही. जो नापास होईल त्याने हा विषय सोडून दुसरा धरावा. वर्ग नुसताच कुरकुरला. साहेब मनात हात मोजू लागली: तोटीला एक, फ्लास्कला एक. तिला रसायनशास्त्र मनापासून आवडायचं. पाण्यासारख्या दिसणाऱ्या फ्लास्कमध्ये एका थेंबाने गुलाबी रंग उमटतो, तो पाहायला ती सुट्टीच्या दिवशीही आली असती.

तिने सगळे गेल्यावर एकटीने सराव करून पाहिला. तोटी सोडायची, हात काढून फ्लास्क धरायचा, हलवायचा, ठेवायचा, पुन्हा तोटी. एकाच प्रयोगाला दीड तास गेला. मग तिने फ्लास्क डाव्या कोपराच्या बेचक्यात धरायची युक्ती केली. युक्ती फरशीवर पडली आणि तिचे वीस तुकडे झाले.

काचा गोळा करायला नळीमामा आले. प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुण्यात त्यांची हयात गेली होती. बोलायचे कमी, पण बोलले की पुसून लख्ख केलेलं बोलायचे.

"साहेब," ते केरसुणी न थांबवता म्हणाले, "दोन वर्षं तुमच्या टेबलावरच्या प्रत्येक बाटलीच्या बुचावर दातांचे ठसे असतात. धुणारा मी आहे. एक दिवस बूच राहील आणि दात जातील."

मामांनी काचा टाकल्या, हात पुसले आणि फळीवरून एक अर्ज काढून दिला. विद्यापीठाच्या साहाय्य कक्षाचा होता, अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांच्या निधीसाठी. निधीतून प्रयोगशाळेत मदतनीस मिळतो, सोयीची उपकरणं मिळतात, आणि त्याच अर्जावर परीक्षेत एक तास वाढवूनही मिळतो. शेवटची तारीख शुक्रवार. भरायचा तर भरा, नाहीतर राहू द्या, पण बुचं चावू नका, एवढं सांगून मामा नळाकडे गेले.

साहेबने अर्जाची घडी केली आणि डाव्या खिशात टाकली. आयुष्यातली प्रत्येक अडचण ती तिथेच टाकत आली होती.

अर्ज चौदा पानी होता. चार पानं तिने सहज भरली. पाचव्या पानावर एकच प्रश्न होता: तुम्हाला काय जमत नाही, ते सविस्तर लिहा. खाली वीस कोऱ्या ओळी. मास्तरांच्या घरात 'जमतं' हा शब्द देवघरातल्या देवासारखा होता, त्याला धक्का लावायचा नाही. तिने 'विशेष काही नाही' असं लिहिलं आणि खोडलं. हा निधी ज्यांना खरंच काही झालंय त्यांच्यासाठी असतो, असं तिने स्वतःला समजावलं. त्याच्याखाली जी खरी भीती होती ती सांगते: अर्ज गेला, की मदतनीस येणार, मदतनीस आला, की चव्वेचाळीस जणांना कळणार, आणि ज्या दिवशी कळेल त्या दिवशी साहेब जाणार आणि तिच्या जागी बिचारी येऊन बसणार.

कोट धुवायला घेताना आत्याला खिशात अर्ज सापडला. तिने तो दोन काजांच्या मध्ये, दुकानात, मोठ्याने वाचून काढला. मास्तरांनी मशीन थांबवलं नाही. तिला जमतं, एवढंच म्हणाले. साहेबही म्हणाली, की मला काय झालंय.

"तुला काही झालेलं नाही," आत्या म्हणाली. "तुझ्या हाताला झालंय. त्याचं त्याला मिळू दे की. तू कशाला मध्ये पडतेस?"

यावर बापलेक दोघंही गप्प बसले. आत्याला गप्प बसलेली माणसं आवडत नसत, म्हणून तिने पैज लावली. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. काउंटरवर एक रिकामी काचेची बरणी ठेवायची. साहेबने एखादं काम करताना दात, हनुवटी, गुडघा, कोपर किंवा भिंत वापरली, की बरणीत एक बटण. दिवेलागणीपर्यंत दहाच्या आत राहिली, तर त्या अर्जात आत्या गिऱ्हाइकाची विजार गुंडाळून देईल. दहाच्या वर गेली, तर अर्ज भरायचा आणि पाचवं पान आत्या सांगेल तसं. साहेबने तिथल्या तिथे हात मिळवला. आपण अशा युक्त्या दिवसातून चार-पाच वेळा करत असू, असं तिला अगदी प्रामाणिकपणे वाटत होतं.

सकाळी ती शहाणपणा करून स्टुलावर नुसतीच बसली. आत्याने तिला संत्री सोलायला दिली. गुडघ्यात धरली, टण्. सुईत दोरा ओवायला दिला. सुई ओठात धरली, टण्. मग उशीचे अभ्रे, टण्, टण्. मग घट्ट झाकणाचा डबा, मग पार्सलची दोरी, मग ओली छत्री मिटायची, मग पाकिटात पत्र घालायचं. आत्या काही खोटं खेळत नव्हती. कामं रोजचीच होती, आज फक्त एकापाठोपाठ एक आली. दुपारपर्यंत साहेबने मनातल्या मनात तीसेक टण् मोजले होते. बुटाची नाडी बांधायला वाकली, दातात एक टोक धरलं, आणि आत्याच्या आधी तीच म्हणाली, टण्. आपण दिवसभर इतकं चावत असतो हे तिला वीस वर्षांत कळलं नव्हतं. जेवताना तिचा जबडा दुखायला लागला, आणि तो रोजच दुखतो हेही तिच्या त्याच दिवशी लक्षात आलं.

दिवे लागले. आत्याने ऐटीत बरणी कापडावर उपडी केली. नऊ बटणं निघाली.

आत्याने बरणीत डोकावून पाहिलं. तळाशी थोपटून पाहिलं. साहेबने अर्ज उचलला. पैज तिने जिंकली होती, तिला आनंद व्हायला हवा होता. नऊ हा आकडा खोटा आहे हे तिला ठाऊक होतं, आणि खोट्या नऊवर परीक्षेतली तोटी काही बंद होणार नव्हती.

तेवढ्यात मास्तरांच्या हातून खडू पडला. ते उचलायला वाकले आणि त्यांचं जाकीट खुळखुळलं.

"दादा," आत्या म्हणाली, "खिसे उलटे कर."

मास्तरांनी दोन्ही खिसे रिकामे केले. सदऱ्याची बटणं, कोटाची बटणं, लाल, काळी, शिंपल्याची. दिवसभर गिऱ्हाईक आलं, आत्याची पाठ वळली, की हा पन्नाशीतला माणूस बरणीत हात घालत होता. एक्कावन्न निघाली. आत्या हसायला लागली, आणि मग मास्तरांचा चेहरा पाहून थांबली.

"मोजू नकोस गं ते," मास्तर म्हणाले आणि जिना चढून वर गेले.

साहेबने बरणीतली नऊ बटणं त्या एक्कावन्नात सरकवली. साठ. एकेका बटणामागे तिला स्वतःचे दात दिसत होते. तिला बापाचा राग आला, आणि त्याच्या दुप्पट मायाही आली. मग तिने आत्याकडे पेन मागितलं. टोपण दातांनीच काढलं. आत्याने इमानदारीने एकसष्टावं बटण बरणीत टाकलं.

पाचव्या पानाच्या वीस ओळी पुरल्या नाहीत. दोन जादा कागद जोडावे लागले. आत्याला त्यात 'श्वास घेतानाही त्रास होतो' असं घालायचं होतं. साहेबने ते होऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी आईने काही न विचारता पाकीट कचेरीत नेलं आणि त्यावर शिक्का मारला. घरच्या भांडणात तिने मारलेला हा पहिलाच शिक्का.

मुलाखतीचं बोलावणं आलं, पुढच्या बुधवारचं. मास्तरांनी दोन दिवस नुसत्या विजारी शिवल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातलं सगळ्यात चांगलं गर्द निळं कापड काढलं. का, कशासाठी, हे कुणी विचारलं नाही, कारण या घरात मोठ्या कामाला नवा कोट हे ठरलेलंच होतं. बुधवारी सकाळी कोट तयार होता. साहेबने तो घातला आणि आरशात पाहिलं. खरं सांगायचं तर तिचा ऊर भरून आला. इतकं सुंदर मास्तरांनीही आजवर काही शिवलं नव्हतं. खांदे सारखे, बाह्या सारख्या, सगळं कसं एका ओळीत. गडबडीत हात निसटायला नको म्हणून मास्तरांनी तिच्या अंगावरच बाहीची कड खिशाच्या आतल्या काठाला चार टाक्यांनी पक्की केली. आत्या तेव्हा चप्पल शोधत होती. साहेब मुलाखतीची उत्तरं पाठ करत होती. सवयीपुढे तिघांचंही शहाणपण चाललं नाही.

साहाय्य कक्ष तळमजल्यावर, लांब व्हरांड्याच्या टोकाला होता. बाहेर बाक. बाकावर मास्तर आणि आत्या बसले, साहेब आत गेली. टेबलामागच्या मॅडम बारीक चणीच्या, दोरीचा चष्मा गळ्यात, चेहऱ्यावर दमलेला भलेपणा. त्यांनी चष्मा लावून अर्ज वाचला. जोडलेले दोन कागदही वाचले. मग चष्मा काढून साहेबकडे पाहिलं, पुन्हा लावून कागदाकडे पाहिलं. डॉक्टरांचा जो दाखला जोडला होता तो वीस वर्षांपूर्वीचा. त्यात लिहिलं होतं: डाव्या हातात कमजोरी, पुढे सुधारणा अपेक्षित.

मॅडमनी तिला एका कागदावर सही करायला सांगितली. साहेबने कोटाच्या कोपराने कागद दाबला, पेनाचं टोपण दाताने इतक्या झटकन काढलं, की नुसती मान वळवल्यासारखं वाटलं, आणि सही केली. मॅडमनी पाण्याची बाटली पुढे केली. साहेबने टेबलाखाली गुडघ्यांत धरून ती उघडली आणि आधी मॅडमच्या पेल्यात ओतलं. वीस वर्षांचा रियाज होता तो. आपण काय करतोय हे तिच्या ध्यानात येईपर्यंत सगळं करून झालं होतं.

"तुम्हाला दुखवायचं नाही," मॅडम म्हणाल्या, "पण मला तर तुमच्यात काहीच अडचण दिसत नाही."

हे वाक्य! सोळा वर्षं, सोळा वह्या, गाद्या, चुण्या, लपवलेले खिसे, सगळं या एका वाक्यासाठी होतं. एरवी कुठेही कुणी हे म्हटलं असतं, तर साहेबने ते चौकटीत बसवून दुकानात टांगलं असतं. आताही तिला क्षणभर वाटलं, की आभार मानावेत, उठावं आणि बाहेर जाऊन बाबांना सांगावं, की सरकारी टेबलावरून शिक्कामोर्तब झालं, तुमच्या लेकीला काही झालेलं नाही. बाबा किती खूश होतील. कोटालाही तेच हवं होतं. मग तिला बुचांवरचे ठसे आठवले. फरशीवरचे वीस तुकडे आठवले. परीक्षेत इतरांचे फ्लास्क गुलाबी होत असताना आपला पाण्यासारखाच राहिलेला दिसला, आणि तिला तो विषय सोडायचा नव्हता.

दाखवते, असं म्हणून तिने डावा हात बाहेर ओढला. हात येईना. पुन्हा ओढला. मास्तरांचा टाका होता, कापड फाटलं असतं पण टाका सुटला नसता. मॅडम काळजीने अर्धवट उठल्या. साहेबला आधी घाम फुटला आणि मग हसू फुटलं.

"मॅडम," ती म्हणाली, "माझ्या वडिलांना आत बोलावता का? माझा हात त्यांनी शिवून टाकलाय."

मास्तर आत आले, मागोमाग आत्या. आत्याने एका नजरेत सगळं ओळखलं आणि कपाळावर हात मारला.

"ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं ऐकली होती," ती म्हणाली. "भांडं शिवून आणणारी आजच पाहिली."

मास्तर लेकीसमोर उभे राहिले. तिने खाली खिशाकडे पाहिलं.

"बाबा, उसवा."

"चांगला बसलाय गं."

"फार चांगला बसलाय. म्हणूनच."

त्यांनी जाकिटातून छोटी कात्री काढली. गिऱ्हाईक उभं असताना अख्खी बाही उसवून हातात देणारा हा माणूस. त्या दिवशी चार टाक्यांना त्याला किती वेळ लागला, ते विचारू नका. शेवटचा टाका सुटला तेव्हा मास्तरांनीच कोट हळूच तिच्या अंगावरून उतरवला. गादी, चुणी, लपवलेली फट, सगळं कोटाबरोबर गेलं. आत साधा अर्ध्या बाह्यांचा सदरा होता, आणि त्यातून हात खाली आला, कोपरात वाकलेला, आखूड, जसा होता तसा. घराबाहेर तो कुणी सोळा वर्षांत पाहिला नव्हता. साहेब मॅडमच्या तोंडाकडे बघत राहिली. तो शब्द आता येईल, आता येईल.

मॅडमनी चष्मा लावला आणि म्हणाल्या, की एक रकाना राहिलाय. दोन्ही हातांच्या लांबीतला फरक किती? त्यांनी खणातून फूटपट्टी काढली आणि ती कुठून कुठे धरावी या विचारात पडल्या.

"पावणेतीन इंच," मास्तर म्हणाले.

मॅडमनी वर पाहिलं. मास्तर फूटपट्टीकडे बघत नव्हते, लेकीकडेही नाही. भिंतीकडे बघत होते.

"चौथ्या वर्षी पाऊण इंच होता. सहाव्या वर्षी एक. आठव्या वर्षी सव्वा, तेव्हा ती पडली होती म्हणून दोनदा मोजला. दहाव्या वर्षी दीड. बाराव्या वर्षी एकदम दोन झाला, उंची वाढली ना तिची त्या वर्षी. चौदाव्याला सव्वादोन. सोळाव्याला अडीच. अठराव्याला पावणेतीन. मग नाही वाढला."

रकाना एकाच आकड्याचा होता. मॅडमनी केव्हाच लिहिणं थांबवलं होतं, पण त्यांनी मास्तरांना थांबवलं नाही. साहेबला आजवर वाटत आलं होतं, की बाबांना तो आकडा तोंडावर आणायची लाज वाटते. वहीत एकही आकडा नव्हता, आणि या माणसाने सगळे पाठ करून ठेवले होते. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. आत्याही रडली, पण तिने दोष धुळीला दिला.

मॅडमनी अर्जावर सही केली. नवीन दाखला लागेल, तो कुठून घ्यायचा ते लिहून दिलं. मास्तरांनी नाक पुसलं, कोट हातावर घेतला आणि दारापाशी जाऊन वळले. तुमचा उजवा खांदा अर्धा इंच खाली आहे, असं त्यांनी मॅडमना सांगितलं. आत्याने त्यांना चिमटा काढला. मॅडमनी दोन्ही खांद्यांना हात लावून पाहिलं आणि थोडं खाली बघत विचारलं, की तो झाकता येईल का. मास्तर म्हणाले, येईल की. मग लेकीकडे पाहून म्हणाले, की येईल, पण दुखत असेल तर आधी डॉक्टरला दाखवा, कोट काय, नंतरही शिवता येतो.

तीन आठवड्यांनी मंजुरी आली. प्रयोगशाळेसाठी नवा पांढरा कोट हवा होता. मास्तरांनी माप घेतलं सकाळी अकरा वाजता, पडदा उघडा, विजारीसाठी थांबलेलं एक गिऱ्हाईक समोर. उजवी बाही त्यांनी मोठ्याने सांगितली. डावीला टेप लावला आणि त्यांना खोकला आला. मग सांगितली. आत्याला ती स्वच्छ ऐकू आली होती, तरी तिने 'काय?' म्हणून विचारलं. मास्तरांनी पुन्हा, गिऱ्हाइकाने वळून पाहावं इतक्या मोठ्याने सांगितली. वहीत पहिल्यांदा दोन वेगळे आकडे उमटले.

मदतनीस म्हणून कक्षाने नळीमामांचेच वाढीव तास लावून दिले. अर्ज पुढे करण्यात मामांचा डाव होता की काय, अशी शंका आत्याने घेतली, पण आत्या शंका कुणावरही घेते. पहिल्या दिवशी साहेब खऱ्या बाहीचा कोट घालून आली, हात उघडा. चव्वेचाळीस माणसं हाताकडे बघत होती. मामा तोटीवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, हुकूम, साहेब. जुन्या जोडीदारणीने हाताकडे पाहिलं, तोटीकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं आणि तिच्या डोक्यात दोन वर्षांचा उजेड पडला.

"म्हणजे मी दोन वर्षं बिनपगारी होते?" तिने विचारलं.

अख्खी प्रयोगशाळा हसली. सगळ्यात मोठ्याने साहेब हसली. बिचारी त्या दिवशी आली नाही. पुढे आली असती तरी तिला बसायला जागा नव्हती, कारण पगारी माणूस हाताखाली असलेला साहेब वर्गाने आता पहिल्यांदाच पाहिला होता.

परीक्षेच्या सकाळी सरांनी घड्याळ लावलं आणि सगळ्यांनी ब्युरेट भरायला घेतल्या. साहेबने सवयीने डावा हात खिशात घातला. आत काहीतरी खुळखुळलं. बटणं होती. पैजेच्या संध्याकाळी मास्तरांनी सगळी बाहेर काढली नव्हती. काही जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवून घेतली होती आणि आज सकाळी, इस्त्री करताना, परत केली होती.

तिने ती डाव्या हातानेच बाहेर काढली. एक एक करून, टेबलाच्या कडेला, सगळ्यांना दिसतील अशी ओळीने मांडली. सात होती. बोटं सावकाश वळत होती, दोनदा एक बटण निसटलं आणि दोनदा तिने ते उचललं. शेजारच्या टेबलावर पहिला फ्लास्क गुलाबी झालासुद्धा. मामांनी घड्याळाकडे पाहिलं.

"साहेब, वेळ जातोय."

"जाऊ द्या मामा," ती म्हणाली. "एक तास जास्तीचा आहे."